पानमळ्यात चपला काढून

बारामतीहून इंदापूरकडे निघालं की दोन्ही अंगांना ऊस, मका, डाळिंबाच्या बागा, आणि मधेच उघडाबोडका माळ. पावसाच्या छायेतला हा मुलूख. इथं ढग येतात ते बहुधा पुढं जायलाच. याच रस्त्यावर निमगाव केतकी लागतं. गावाच्या नावात कडुनिंब आणि केवडा दोन्ही ऐकू येतात, पण गावाची ओळख तिसऱ्याच वनस्पतीची आहे. जिचं माहेर मलायाकडच्या दमट, अंधाऱ्या रानात, ती नागवेल इथं कोरड्या माळाच्या शेजारी नांदते. खाऊचं पान!

मळ्याच्या तोंडाशी मालकांनी मला अडवलं. "चपला हितंच काढा, पाव्हणं."

मला वाटलं, देवाधर्माचं काही असेल. "त्ये हायेच," ते म्हणाले, "पर मुळ्या कुजत्यात बघा. कुठला चिखल कुठं येतो, कुणाला ठावं."

मी चपला काढल्या आणि मनातल्या मनात कान धरले. नागवेलीची मुळं कुजवणारा फायटोफ्थोरा हा बुरशीसारखा जीव माती-पाण्यातून पसरतो आणि चिखलाच्या चपलेवर बसून आरामात प्रवास करतो. 1845 पासून आयर्लंडमध्ये बटाट्याचा दुष्काळ पाडला तो याच कुळातल्या एकानं. सूक्ष्मदर्शकाचं तोंड न पाहिलेल्या कुणीतरी अनवाणी शिरायचा नेम घातला, आणि तो पाळला गेला.

आत गेलं की ऊन मागं राहतं. शेवरी, पांगारा, शेवगा यांच्या दाटीतून कवडसे पडतात, पायाखाली गार ओल. वेल शेवरीला बांधत बांधत वर नेलेली. ती फार उंच गेली की खाली उतरवतात, पानं खुडून बोडकी झालेली खालची कांडी वेटोळं करून मातीत पुरतात, आणि शेंडा पुन्हा पहिल्या पायरीवरून चढायला लागतो. बी पेरण्याचा प्रश्नच नाही. नवा मळा लावायचा तो जुन्या वेलीचे फाटे लावून. म्हणजे आपण खातो ते पान कुठल्यातरी शेकडो वर्षांपूर्वीच्या वेलीचाच तुकडा आहे, हातोहात इथवर आलेला.

एक पान चुरगाळून नाकाशी धरलं. आधी हिरवा उग्र वास, मग त्याच्या मागून हळूच लवंग. हा भास नव्हे. लवंगेच्या वासाचा मुख्य धनी युजेनॉल नावाचा रेणू, आणि तो नागवेलीच्या पानातही असतो. तुळशीतही असतो. दाताच्या दवाखान्यात शिरताच जो ओळखीचा वास येतो, तोही त्याचाच. दातात तात्पुरतं भरायच्या लगद्यात डॉक्टर जस्ताच्या भस्मात युजेनॉल कालवतात. पानात त्याचा जुळा भाऊही राहतो, चविबेटॉल. अणू तेच, तितकेच, फक्त दोन गटांनी जागा बदललेल्या. दाढ दुखली की आजी लवंग धरायला सांगायची. तिचा फडताळातला डबा, अंगणातलं वृंदावन आणि पानाचा डबा असे तिन्ही एकाच रेणूनं बांधलेले होते, हे तिला कुणी सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, "वासावरून कळत नाही का?"

आता खरा प्रश्न असा की नागवेलीला आपल्या दाढेचं काय पडलंय? काहीही नाही. झाडाला पळता येत नाही. बुरशी आली, किडा आला, तरी जागेवर उभं राहूनच लढायचं. हे तिखट, उग्र, झोंबणारे रेणू म्हणजे त्या लढाईतली हत्यारं. आपण ती उसनी घेतो आणि त्यांना घरगुती औषध म्हणतो. ओव्याचं तेच. चिमूटभर ओवा पानात घालून चघळला की झणका बसतो तो थायमॉलचा, आणि तोच थायमॉल चूळ भरायच्या बाटलीबंद औषधांतही घालतात.

पानातल्या हायड्रॉक्सीचॅविकॉल नावाच्या अशाच एका रेणूवर मुंबईच्या कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये अमोणकर, भिडे आणि सहकाऱ्यांनी काम केलं. 1986 मध्ये त्यांनी दाखवलं की प्रयोगशाळेत हा रेणू जनुकांमधले घातक बदल रोखतो. हे वाचून कुणी लगेच पानपट्टीकडे निघू नये! विड्यातली सुपारीच कर्करोगकारक आहे, तंबाखू नसली तरीही, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं 2004 मध्ये छापून टाकलं आहे. एकाच विड्यात पहारेकरी आणि चोर शेजारी बसलेले असतात, आणि चोर बळकट आहे. पान खावं ते नुसतं.

नागवेलीचं गणगोतही बघण्यासारखं. काळी मिरी आणि पिंपळी या तिच्या सख्ख्या चुलतबहिणी. पानांचा आकार बघितला तरी पटतं. सर्दीला हळदीच्या दुधात आपण मिरी कुटून घालतो. हळदीतलं कर्क्युमिन एकटं गेलं तर शरीर त्याला फारसं आत घेत नाही. 1998 मध्ये बंगळुरूच्या संशोधकांनी माणसांना 2 ग्रॅम कर्क्युमिनबरोबर मिरीतलं 20 मिलिग्रॅम पिपरिन दिलं, तेव्हा रक्तातला त्याचा शिरकाव वीसपट झाला. यानं सर्दी बरी होते असं मात्र मी म्हणणार नाही. सर्दी आठवडाभरात आपली आपणच जाते. हळदीचं दूध तो आठवडा सुसह्य करतं.

लहान बाळाची छाती भरली की पानाला एरंडेल तेल लावून, शेकून, छातीवर ठेवायची रीत आमच्याकडेही होती. पान कफ ओढून घेतं असं आत्या ठामपणे सांगायची. पान कफ ओढत नाही. पण पानातलं युजेनॉल त्वचेतल्या उबेची जाणीव देणाऱ्या दारांनाच जाऊन टेकतं; पान निवलं तरी मेंदूला ऊब पोचत राहत असेल. बाळाला बरं वाटत असेल, आईलाही वाटत असेल. आधी पान आपल्या मनगटावर लावून बघावं, बाळाची कातडी फार नाजूक. आणि श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडत असेल तर पान शेकत बसू नये, दवाखाना गाठावा.

चुन्याची तर गंमतच. तळहातावर चिमूटभर हळद घ्या, बोटभर ओला चुना चोळा. पिवळ्याचं लालभडक होतं. कुंकू करायची जुनी रीत हीच. विडा रंगतो तोही असाच, चुन्याच्या अल्कलीत कात-सुपारीतले तुरट रेणू रंग पालटतात. तोच चुना पोराच्या डोळ्यात उडाला तर बुबुळ जाळतो. चुन्याची पुडी दाबून खेळताना असे अपघात होतात. तेव्हा डोळा तिथल्या तिथे भरपूर पाण्यानं धुवायचा आणि तसंच डॉक्टरकडे न्यायचं.

मळ्याबाहेर आलं की डाळिंब. पुण्याच्या गणेशखिंडीत आळंदीच्या डाळिंबातून निवडलेल्या 'गणेश' वाणापासून आजच्या 'भगव्या'पर्यंत सगळे दाण्यांचे भक्त, आजी सालीची. साली वाळवून ठेवायची आणि पोट बिघडलं की उगाळून द्यायची. साल चाटली की जीभ कोरडी, खरखरीत होते, कारण सालीतलं टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून त्यांचा गोळा करतं. तुरट ही चव कमी आणि स्पर्श जास्त. चांभाराच्या कुंडात कातड्याचं चामडं होतं तेही याच करामतीनं, बाभळीच्या सालीनं नाहीतर हिरड्यानं. याच जिल्ह्यात जुन्नर-आंबेगावच्या रानात गोळा होणारा हिरडा त्रिफळाचूर्णातही जातो आणि चामड्याच्या कारखान्यातही!

पण जुलाबात जीव जातो तो पाणी आणि मीठ सरल्यानं, आणि तिथं साल फारशी कामाची नाही. आषाढीआधी तुकोबांची पालखी निमगाव केतकीला मुक्कामाला येते तेव्हा उन्हापावसात चाललेल्या माणसांना सगळ्यात मोलाचं औषध लागतं ते स्वयंपाकघरातलंच: एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. आतड्याच्या पेशीत एक दार असं आहे की ते साखर आणि मीठ जोडीनं आलं तरच उघडतं, आणि दोघांच्या मागून पाणी आत येतं. जुलाबात बाकीची व्यवस्था कोलमडली तरी हे दार चालू राहतं. 1971 मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत पटकी पसरली, सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी पिंपात साखर-मीठ-पाणी कालवून नातेवाइकांच्या हाती पेले दिले. छावणीत जवळपास तीस टक्क्यांवर गेलेले मृत्यू चार टक्क्यांच्या आत आले. मिठाचा चमचा मात्र सपाटच हवा. शीग लागली की औषधाचं विष होतं.

निघताना मालकांनी दहा-बारा पानं केळीच्या पानाच्या तुकड्यात बांधून दिली.

"धुऊन खावा हां. मागल्या पंधरवड्यात बोर्डो मारलाय."

बोर्डो म्हणजे मोरचूद आणि चुना. बुरशीवर वेलीची स्वतःची हत्यारं कमी पडली की हे लागतं. पाणी ओतलं तेव्हा पानाच्या शिरांशी फिकट निळसर डाग होते. अंगठ्यानं चोळल्यावर गेले.