२४० व्होल्टचे १७२६४ कसे झाले?

भोसरीतल्या एका छोट्या कारखान्यात देखभालीचं काम पाहणाऱ्या वाचकाचं पत्र आलं. सोबत दोन फोटो. एकात पॅनलच्या दारावर बसवलेला विजेचा मीटर, त्यावर आकडा २४०. दुसऱ्यात ऑफिसातल्या संगणकाचा पडदा. मीटर तोच, वेळ तीच, पण आकडा १७२६४. "मीटर बरोबर आहे, मी मल्टिमीटर लावून खात्री केली," असं त्यांनी लिहिलं होतं. "मग शंभर फुटांच्या वायरीत हा आकडा बदलतो कुठं?"

पत्राचा पुढचा भाग मी तीनदा वाचला. या गृहस्थांनी दिवसभर मीटरसमोर उभं राहून दोन्हीकडचे आकडे वहीत उतरवले होते. मीटरवर २३८ असताना पडद्यावर १७२६२. मीटरवर २४३, पडद्यावर १७२६७. फरक दर वेळी तोच, १७०२४. मग त्यांनी सॉफ्टवेअरमध्ये सरळ १७०२४ ची वजाबाकी टाकली आणि दोन्ही आकडे जुळले. तीन महिने सगळं सुरळीत चाललं. पुढे साहेबांनी सांगितलं की एका फेजचं नको, दोन फेजमधलं व्होल्टेजही पडद्यावर दिसू दे. त्यांनी तीच वजाबाकी तिथंही लावली. मीटर म्हणाला ४१५, पडदा म्हणाला ३३५. करंटची तर गतच वेगळी. मीटरवर १२ अँपिअर, पडद्यावर उणे ३२०.

हा प्रश्न मला फार आवडला. वहीत आकडे उतरवायचे, त्यातला नियम शोधायचा, तो नव्या ठिकाणी लावायचा आणि तो कुठं मोडतो ते पाहायचं, ही खरी विज्ञानाची चाल आहे. आणि नियम जिथं मोडला तिथंच उत्तर आहे.

मीटर आणि संगणक ज्या रीतीने बोलतात तिचं नाव मॉडबस. ती १९७९ मध्ये अमेरिकेतल्या मॉडिकॉन कंपनीने प्रसिद्ध केली. या कंपनीची मुळं डिक मॉर्ली यांच्या एका टिपणात आहेत. १ जानेवारी १९६८ या दिवशी त्यांनी एका नव्या तऱ्हेच्या नियंत्रकाची कल्पना कागदावर उतरवली. त्या काळी मोटारींच्या कारखान्यांत कपाटंच्या कपाटं भरून रिले असत. गाडीचं मॉडेल बदललं की ती सगळी वायरिंग उपसून पुन्हा करायची. मॉर्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या जागी प्रोग्रॅम बदलता येईल असा खोका आणला. बेडफर्ड असोसिएट्स या त्यांच्या फर्मचं ते चौऱ्याऐंशीवं काम, म्हणून खोक्याचं नाव ०८४. त्याला पंखा नव्हता, चालू-बंद करायचं बटणही नव्हतं. कारखान्याच्या धुळीत आणि उष्णतेत तो अखंड चालावा एवढंच त्यांना हवं होतं. आज पीएलसी म्हणून आपण ज्याला ओळखतो त्याचा हा पूर्वज. मॉर्लींचं नाव यामुळे झालं ते योग्यच. पण त्याच कंपनीतून दहा-अकरा वर्षांनी आलेला मॉडबस ही मला तितकीच मोठी गोष्ट वाटते, कारण तो आजही जसाच्या तसा जिवंत आहे. सोलरचा इन्व्हर्टर, पंपाचा ड्राइव्ह, चिलर, जनरेटर, काहीही उघडा, बहुतेक वेळा मागे दोन वायरींचं मॉडबसचं टोक सापडतं.

त्याची रीत शाळेतल्या हजेरीसारखी आहे. बाईंनी क्रमांक पुकारायचा, त्याच मुलाने 'हजर' म्हणायचं, बाकीच्यांनी गप्प बसायचं. क्रमांक १ ते २४७. एकाच क्रमांकाची दोन मुलं वर्गात असली की दोघं एकदम बोलतात आणि बाईंना काहीच कळत नाही. नवा मीटर कारखान्यातून येतो तेव्हा त्याचा क्रमांक बहुधा १ असतो. असे दोन मीटर एका वायरीवर जोडले की हाच गोंधळ होतो. वाक्य कुठं संपलं ते कळायला पूर्णविराम नाही. साडेतीन अक्षरांइतकी शांतता झाली की वाक्य संपलं असं समजायचं. सेकंदाला ९६०० बिट या वेगाने ही शांतता सुमारे चार मिलिसेकंदांची असते. दोन्हीकडचा वेगही एकच ठेवावा लागतो, नाहीतर एकाची अक्षरं आणि शांतता दुसऱ्याला नीट कळतच नाहीत.

प्रत्येक वाक्याच्या शेवटी तपासणीचे दोन बाइट असतात. वेल्डिंगच्या मशिनने वायरीत खरखर उठवली आणि एक बिट जरी उलटला तरी हिशोब जुळत नाही आणि ते वाक्य फेकून दिलं जातं. नारायणराव पेशव्यांच्या १७७३ मधल्या खुनाभोवती 'ध' चा 'मा' झाल्याची जी आख्यायिका आहे, तसं काही या वायरीत सहसा घडू शकत नाही. 'ध' निघाला असेल तर 'ध'च पोचतो. म्हणजे आपल्या वाचकांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथंच मिळालं. वायरीत आकडा बदललेला नाही. मीटरने जे पाठवलं तेच संगणकाला मिळालं आहे. फक्त ते वाचलं चुकीचं गेलं.

मॉडबसमध्ये माहिती ठेवायचे कप्पे असतात, त्यांना रजिस्टर म्हणतात. एका रजिस्टरमध्ये १६ बिट, म्हणजे ० पासून ६५५३५ पर्यंतची पूर्ण संख्या मावते. दशांश चिन्हाला जागाच नाही. त्यामुळे २४०.३ सारखी संख्या पाठवायला मीटर बनवणारे दोन शेजारची रजिस्टरं एकत्र धरतात आणि ३२ बिटांत ती भरतात. ही भरायची पद्धत वैज्ञानिक अंकलेखनासारखी असते. २४० म्हणजे १.८७५ गुणिले १२८, आणि १२८ म्हणजे २ चा सातवा घात. चिन्ह, घात आणि अपूर्णांक असे तीन तुकडे ओळीने लिहिले की पहिल्या रजिस्टरमध्ये पडतं ०१००००११०१११००००, आणि दुसऱ्यात नुसती शून्यं. आता पहिल्या रजिस्टरमधले हेच सोळा बिट साधी पूर्ण संख्या म्हणून वाचा: १७२६४. वाचकांच्या पडद्यावर दिसत होतं ते हेच. म्हणजे २४० चा तो पुढचा अर्धा भाग होता.

मग १७०२४ ची वजाबाकी जुळली कशी? या पद्धतीची पट्टी लहान-मोठ्या खुणांची असते. १२८ ते २५६ या पट्ट्यात पहिलं रजिस्टर एकेका व्होल्टला एकेकाने वाढतं, त्यामुळे वजाबाकी चपखल बसते. २५६ च्या पुढे मात्र खुणा दोन-दोन व्होल्टच्या होतात. ४१५ म्हणजे २५६ च्या पुढे १५९, त्याचे अर्धे ७९, आणि २५६ अधिक ७९ म्हणजे ३३५. पडद्यावरचा आकडा असा तंतोतंत निघतो. भारतातलं एका फेजचं व्होल्टेज त्या एका पट्ट्यात पडतं म्हणून तीन महिने चूक झाकलेली राहिली. मला धास्ती वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. न्यूट्रल तुटून एखाद्या फेजवर २८० व्होल्ट आले असते, तर पडद्याने २६८ दाखवले असते.

आता हीच दोन रजिस्टरं एकत्र पण पूर्ण संख्या म्हणून वाचली तर ११३ कोटी १४ लाख १३ हजार ५०४ येतात. आणि दशांशवाली संख्या म्हणूनच, पण मागचं रजिस्टर पुढे घेऊन वाचली तर इतकी क्षुद्र संख्या येते की पडद्यावर ०.०० दिसतं. बिट तेच, वाचणारे वेगळे.

पुढचं आधी की मागचं आधी, हा घोळ मराठी माणसाला समजावून सांगायची गरजच नसावी. आपण ४३ लिहिताना चार आधी लिहितो आणि म्हणताना 'त्रेचाळीस', म्हणजे तीन आधी म्हणतो. फोनवर कोणी घाईने 'त्रेचाळीस' सांगितलं तर ऐकणाऱ्याचं पेन आधी तिनावर जातं, मग थबकतं. २०१९ च्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकावरून महाराष्ट्रात केवढा वाद झाला होता ते आठवा. पुस्तकात 'त्रेचाळीस'च्या जोडीला 'चाळीस तीन' असंही वाचन दिलं होतं. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या की लिहिण्याचा आणि बोलण्याचा क्रम उलटा असल्याने आणि जोडाक्षरांमुळे लहान मुलं अडखळतात. त्यांच्यावर टीका झाली, विनोद झाले. माझ्या मते त्यांचं निरीक्षण अगदी नेमकं होतं, आणि ज्यांनी कधी दोन यंत्रांना एकमेकांशी बोलतं केलं आहे त्यांना ते लगेच पटेल. संगणकशास्त्रातही या वादाने डोकी तापली होती. १९८० मध्ये डॅनी कोहेन यांनी या दोन पक्षांना गलिव्हरच्या प्रवासातल्या, अंडं कोणत्या टोकाने फोडावं यावरून लढणाऱ्या लोकांची नावं दिली, आणि ती कायमची चिकटली.

दोन रजिस्टरांचा हा क्रम मॉडबसने मोकळा का सोडला, याचं कारण तारखांमध्ये आहे. मॉडबस १९७९ चा. दशांशवाली संख्या ३२ बिटांत कशी भरायची याचा सर्वमान्य नियम आला १९८५ मध्ये, मुख्यतः बर्कलीचे गणितज्ञ विल्यम कॅहन यांच्या आग्रहामुळे. त्याआधी ज्याची त्याची पद्धत वेगळी होती. त्यामुळे मॉडबसने एका रजिस्टरच्या आतला क्रम ठरवून दिला, पण दोन रजिस्टरं जोडायची असतील तर कोणतं आधी, यावर तो काहीच सांगत नाही. प्रत्येक उत्पादकाने आपापलं ठरवलं. माहितीपुस्तिकेत 'एबीसीडी' किंवा 'सीडीएबी' अशी अक्षरं दिसतात ती याच क्रमाची: 'एबी' म्हणजे पुढचं रजिस्टर, 'सीडी' म्हणजे मागचं. कॅहन यांना १९८९ मध्ये ट्युरिंग पुरस्कार मिळाला. एरवी हे नाव सामान्य वाचकाच्या कानावर क्वचितच पडतं, आणि त्यांच्या नियमाशिवाय आज एकही हवामानाचा अंदाज निघत नाही.

मोजणी कुठून सुरू करायची हा आणखी एक पेच. मुलीला 'विसावं लागलं' म्हणजे एकोणीस वर्षं पूर्ण झाली, हे आपल्याला उपजत कळतं. मॉडबसमध्येही पुस्तिकेत छापलेलं पहिलं रजिस्टर ४०००१, पण वायरीवरून जाताना त्याचा पत्ता शून्य असतो. काही पुस्तिका 'लागलं' सांगतात, काही 'पूर्ण झालं' सांगतात. एका घराने चुकलात तर एका आकड्याचा मागचा अर्धा आणि पुढच्या आकड्याचा पुढचा अर्धा भाग हातात येतो.

हे सगळं सॉफ्टवेअरला ज्या तक्त्यात सांगायचं, त्याला डिव्हाइस प्रोफाइल म्हणतात. वेग, पॅरिटी, उपकरणाचा क्रमांक, रजिस्टरचा पत्ता, संख्येचा प्रकार, क्रम, गुणक. तो तक्ता रुक्ष दिसतो, पण आकड्यांचा अर्थ राहतो तो तिथंच. सीटीचंच, म्हणजे मोठा करंट ठरावीक पटीने कमी करून मीटरला देणाऱ्या करंट ट्रान्सफॉर्मरचंच घ्या. २००/५ ची सीटी म्हणजे ४० पट. ती मीटरमध्ये भरली आणि प्रोफाइलमध्येही पुन्हा ४० ने गुणलं, तर १२ अँपिअरचे ४८० होतात, आणि महिनाअखेरीला युनिटांचा हिशोब कोणालाच लागत नाही.

जर्मनीतून आलेल्या प्रोफिबस या दुसऱ्या रीतीत प्रत्येक उपकरणासोबत त्याची जीएसडी फाइल येते, ती सॉफ्टवेअरला दिली की बराचसा तक्ता आपोआप भरतो. सोलर इन्व्हर्टरवाल्यांनी मॉडबसवरच एक सुंदर तोडगा काढला. सनस्पेक या त्यांच्या संकेतात ठरलेल्या पत्त्यावरच्या दोन रजिस्टरांत 'एस-यू-एन-एस' ही चार अक्षरं ठेवलेली असतात. ती सापडली की पुढे कोणत्या आकड्याला काय अर्थ आणि त्याचा गुणक किती, हे इन्व्हर्टर स्वतःच सांगत जातो. यंत्राने आपली ओळख आपणच द्यावी, ही कल्पना मला मनापासून आवडते.

बाकीच्या असंख्य उपकरणांसाठी मात्र आजही कोणीतरी माणूस पुस्तिका उघडून एकेक पत्ता हाताने भरतो. २०११ मध्ये हॅनोवरच्या औद्योगिक जत्रेत 'इंडस्ट्री ४.०' ची हाक दिली गेली. तेव्हापासून दर प्रदर्शनात क्लाउड, डिजिटल ट्विन, कृत्रिम बुद्धिमत्ता यांचे फलक लागतात. त्या मांडणीत हा तक्ता भरणारा माणूस मला कधी दिसला नाही. पण त्याने प्रकार चुकीचा निवडला, तर वरची सगळी बुद्धिमत्ता ४१५ ऐवजी ३३५ वरच शिकते.

भोसरीच्या वाचकांना मी कळवलं: वजाबाकी काढा, प्रकार 'फ्लोट', म्हणजे दशांशवाली संख्या, करा. दोन दिवसांनी त्यांचा निरोप आला, आता सगळीकडे ०.०० दिसतंय. क्रम 'सीडीएबी' वरून 'एबीसीडी' करा, असं सांगितलं. संध्याकाळी फोटो आला. पडद्यावर २३९.६, त्याखाली ४१५.०, त्याखाली १२.१. दुसरा फोटो पॅनलच्या दाराच्या आतल्या बाजूचा होता. तिथं त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून एक कागद चिकटवला होता. वेग ९६००, पॅरिटी इव्हन, क्रमांक ७, फ्लोट, एबीसीडी, सीटी मीटरमध्येच भरली आहे. त्याखाली तारीख, आणि शेवटी निळ्या शाईत अधोरेखित केलेली ओळ: १७०२४ ची वजाबाकी काढली आहे, परत घालू नये.