पराजित संघाची आशा

खेळांत हार पत्करणें कोणासहि गोड वाटत नाहीं. आपला संघ हरला म्हणजे पाठीराख्यांचीं तोंडें उतरतात व जिंकला म्हणजे त्यांस हर्ष होतो, हा सर्वांचा अनुभव आहे. परंतु आपल्याच संघानें आजचा सामना हरावा अशी मनापासून इच्छा करणारे, आणि तरीहि त्या संघावर निस्सीम प्रेम करणारे लोक जगांत आहेत असें कोणीं सांगितलें, तर तें आपणांस विपरीत वाटेल. अमेरिकेंतील व्यावसायिक बास्केटबॉलमध्यें मात्र हा प्रकार नवा नाहीं. हंगाम संपत आला कीं तळाशीं असलेल्या संघांच्या पाठीराख्यांत मोठा वाद माजतो. उरलेले सामने जिंकावे कीं हरावे, कोणता जुना खेळाडू ठेवावा व कोणता द्यावा, येणाऱ्या नव्या तरुणांपैकीं कोण आपला उद्धार करील, हे त्या वादाचे विषय. वरवर पाहतां हा वाद हास्यास्पद दिसला, तरी त्याच्या मुळाशीं न्याय, लोभ व आशा यांचा बोधप्रद गुंता आहे. तो उलगडून दाखविण्याचा प्रस्तुत लेखांत प्रयत्न केला आहे.

प्रथम या खेळाचा एक विशेष ध्यानांत घेतला पाहिजे. १८९१ सालच्या डिसेंबरांत मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील स्प्रिंगफील्ड येथें जेम्स नेस्मिथ या व्यायामशिक्षकानें पीच फळांच्या दोन टोपल्या सज्ज्यास टांगून हा खेळ सुरू केला, त्या वेळीं प्रत्येक बाजूस नऊ गडी होते. पुढें ही संख्या पांचावर आली. क्रिकेटमध्यें अकरा गडी असतात. फलंदाज कितीहि चांगला असला तरी बाद झाल्यावर त्याला स्वस्थ बसावें लागतें, आणि गोलंदाजास लागोपाठ दोन षटकें टाकतां येत नाहींत. बास्केटबॉलमध्यें मैदानावर गडी पांचच, आणि व्यावसायिक सामना ४८ मिनिटांचा. त्यांपैकीं ३५ मिनिटांहून अधिक वेळ एकच उत्तम खेळाडू खेळूं शकतो, आणि प्रत्येक चढाईंत चेंडू त्याच्या हातीं देतां येतो. म्हणून एका असामान्य खेळाडूच्या आगमनानें तळाच्या संघाचें दैव थोड्या वर्षांत पालटूं शकतें. हरणाऱ्या संघाच्या पाठीराख्यांची सारी आशा या एका गोष्टीवर उभी आहे.

असा खेळाडू मिळावा कसा? युरोपांतील फुटबॉल संघ पैसे मोजून खेळाडू घेतात. त्यामुळें ज्याची थैली मोठी त्याचा संघ मोठा, अशी स्थिति होते. अमेरिकेंत तसें होऊं नये म्हणून नॅशनल बास्केटबॉल असोसिएशन या मंडळानें निराळी रीत ठेविली आहे. कॉलेजांतून व परदेशांतून येणाऱ्या तरुण खेळाडूंची निवड दरवर्षीं सर्व संघ पाळीपाळीनें करितात. या निवडीस ‘ड्राफ्ट’ म्हणतात. तींत दुबळ्या संघांची पाळी आधीं व बलवानांची शेवटीं, असें मूळ तत्त्व आहे. ज्याच्या पानांत कमी पडलें त्याला आधीं वाढावें, असा हा पंगतीचा न्याय होय. शिवाय पहिल्या फेरींत निवडलेला तरुण आरंभींचीं कांहीं वर्षें ठराविक वेतनावर खेळतो. संघाच्या एकंदर वेतनखर्चावर मंडळाचें नियंत्रण असल्यामुळें, स्वस्तांत लाभलेला उत्तम खेळाडू हा दुहेरी लाभ ठरतो.

परंतु सद्हेतूनें केलेल्या नियमासहि पळवाट असते. मागें राहणाऱ्यास आधीं वाढावयाचें ठरलें, तर कांहीं जण मुद्दाम मागें राहूं लागतात. या प्रकारास अमेरिकन लोक ‘टँकिंग’ म्हणतात. येथें एक गैरसमज टाळला पाहिजे. मैदानावरील खेळाडू सहसा जाणूनबुजून हरत नाहींत. त्यांची उद्यांची भाकर त्यांच्या आजच्या खेळावर अवलंबून असते. हरण्याची योजना कचेरींत होते. अनुभवी खेळाडू इतर संघांस देऊन टाकावयाचे, त्यांच्या बदल्यांत पुढील वर्षांच्या निवडीचे हक्क घ्यावयाचे, आणि कच्च्या तरुणांस मैदानावर उभें करावयाचें, हें तिचें स्वरूप असतें.

या प्रवृत्तीस आळा घालण्यासाठीं मंडळानें दैवाचा आश्रय केला. १९६६ पासून १९८४ पर्यंत पहिल्या निवडीचा मान दोन विभागांच्या तळाच्या संघांत नाणें उडवून ठरत असे. १९८५ सालीं बाद फेरी न गांठलेल्या सातहि संघांचे लखोटे एकत्र करून त्यांतून सोडत काढण्यांत आली. तींत न्यूयॉर्क संघास पहिला मान मिळून पॅट्रिक यूइंग हा नामांकित खेळाडू लाभला. १९९० पासून दुबळ्या संघास अधिक संधी देणारी सोडत सुरू झाली. पण १९९३ सालीं बरोबर निम्मे सामने जिंकलेल्या ओरलँडो संघानें ६६ पैकीं अवघ्या एका संधीवर पहिला मान पटकाविला. पुढील वर्षापासून सर्वांत शेवटच्या संघाची संधी शेंकडा २५ करण्यांत आली. तेणेंकरून तळ गांठण्याचा मोह वाढला. मग २०१९ सालीं तळाच्या तिन्ही संघांस सारखी, शेंकडा १४, संधी ठरविण्यांत आली. त्या योजनेंत १ ते १४ आंकड्यांच्या चेंडूंतून चार चेंडू यंत्रानें काढीत. चार आंकड्यांचे असे १,००१ गट होतात. त्यांतील एक वगळून १,००० गट संघांत वांटलेले असत, व तळाच्या तिघांच्या वांट्यास प्रत्येकीं १४० येत. तात्पर्य, दुबळ्यास न्याय द्यावा तर युक्तिबाजीस उत्तेजन मिळतें, आणि युक्तिबाजी रोखावी तर खऱ्या दुबळ्याच्या पानांत कांहीं पडत नाहीं. अडकित्त्यांतील सुपारीप्रमाणें मंडळाची ही अवस्था झाली.

या साऱ्या प्रकाराचें सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे फिलाडेल्फिया शहराचा सेव्हंटीसिक्सर्स संघ. १७७६ सालीं याच शहरांत अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा संमत झाला, त्यावरून हें नांव पडलें. २०१२-१३ च्या हंगामांत या संघानें ८२ पैकीं ३४ सामने जिंकले होते. म्हणजे तो धड वरहि नव्हता आणि धड तळाशींहि नव्हता. २०१३ च्या मे महिन्यांत सॅम हिंकी हा नवा व्यवस्थापक आला. मधल्या पायरीवर वर्षानुवर्षें रेंगाळण्यापेक्षां एकदां पायापासून नवी उभारणी करावी, हें त्याचें धोरण होतें. त्यानें त्याच वर्षींच्या निवडीच्या रात्रीं ज्रू हॉलिडे हा संघाचा उत्तम तरुण खेळाडू न्यू ऑर्लीन्सला देऊन टाकला, आणि बदल्यांत गुडघा दुखावलेला नर्लेन्स नोएल व पुढील वर्षींचा एक निवडहक्क घेतला. नंतरच्या तीन हंगामांत संघानें अनुक्रमें १९, १८ व १० सामने जिंकले. एकंदर २४६ सामन्यांत ४७ जय व १९९ पराजय! पहिल्या हंगामांत सलग २६ सामने गेले; पुढें २०१५ सालीं दोन हंगाम मिळून सलग २८ गेले.

या तीन वर्षांत फिलाडेल्फियाच्या पाठीराख्यांत दोन पक्ष पडले. पहिल्या पक्षाचें ब्रीद ‘ट्रस्ट द प्रोसेस’, म्हणजे ‘या क्रमावर विश्वास ठेवा’, असें होतें. त्यांचें म्हणणें असें कीं, कशीबशी बाद फेरी गांठून पहिल्याच झटक्यास बाहेर पडण्यांत कसला पुरुषार्थ? शेतकरी जमीन कांहीं काळ पडीक ठेवतो ती पुढें पीक जोमदार यावें म्हणूनच ना? हरावयाचेंच आहे तर असें हरावें कीं त्यांतून कांहीं पदरीं पडेल. या पक्षाचे लोक हंगामाच्या अखेरीस विजयानें खट्टू व पराजयानें संतुष्ट होत, आणि सोडतीच्या दिवसाची वाट सणासारखी पाहत.

दुसरा पक्ष म्हणे कीं, जमीन पडीक ठेवणें निराळें आणि बियाणें विकून खाणें निराळें. तिकिटाचे पैसे आजच्या सामन्याचे घ्यावयाचे आणि प्रेक्षकांस पांच वर्षांनंतरचें स्वप्न दाखवावयाचें, हा व्यवहार सचोटीचा नव्हे. वीस वर्षांच्या तरुणास पराजयाची संवय लागली, शिकविणारा जाणता सोबती भेटला नाहीं, तर त्याचे गुण फुलावे कसे? दोन्ही पक्षांचें संघावर प्रेम सारखेंच होतें. एकाचें उद्यांवर होतें, दुसऱ्याचें आजवर.

वादाचा दुसरा भाग खेळाडूच्या मोलाविषयीं असे, आणि येथें विचाराला खरी कसोटी लागते. सामान्य प्रेक्षक खेळाडूनें केलेले गुण मोजतो. परंतु दुबळ्या संघांतहि गुण कोणी तरी करणारच. चेंडू वारंवार ज्याच्या हातीं येतो त्याची बेरीज मोठी दिसते. म्हणून जाणते लोक विचारतात: इतके गुण करण्यास त्यानें किती वेळां नेम धरला? तो मैदानावर असतां संघाची आघाडी वाढते कीं घटते? त्याचें वय काय, प्रकृति कशी, वेतन किती आणि करार किती वर्षांचा? फिलाडेल्फियानें २०१३ सालीं अकराव्या पाळीस निवडलेला मायकेल कार्टर-विल्यम्स पहिल्याच हंगामांत सर्वोत्तम नवखा खेळाडू ठरला. तरी २०१५ च्या फेब्रुवारींत व्यवस्थापकानें त्याला देऊन टाकून निवडहक्क घेतला. पाठीराख्यांस धक्का बसला. तथापि त्याचा नेम कच्चा होता, आणि पुढें अनेक संघ फिरूनहि पहिल्या वर्षाची झळाळी त्यास पुन्हां लाभली नाहीं. या हिशेबांत व्यवस्थापक बरोबर ठरला.

सर्वच हिशेब तसे जुळले नाहींत. २०१४ सालीं तिसऱ्या पाळीस घेतलेला जोएल एम्बीड पायाच्या दुखापतीमुळें दोन संपूर्ण हंगाम खेळूं शकला नाहीं. परंतु २०२२-२३ च्या हंगामांत तोच साऱ्या मंडळांतील सर्वश्रेष्ठ खेळाडू ठरला. २०१६ च्या एप्रिलांत हिंकीनें १३ पानांचें पत्र लिहून राजीनामा दिला, आणि दोनच महिन्यांनीं संघास पहिल्या निवडीचा मान मिळून बेन सिमन्स आला. २०१७ सालीं पहिला मान बॉस्टनकडून मिळवून मार्केल फुल्ट्झला घेतलें. खांद्याच्या विकारानें तो मागें पडला, आणि बॉस्टननें तिसऱ्या पाळीस निवडलेला जेसन टेटम २०२४ सालीं विजेता ठरला. २०१७-१८ मध्यें फिलाडेल्फियानें ५२ सामने जिंकले, हें खरें. पण २०१८ पासून २०२५ पर्यंत बाद फेरीचा दुसरा टप्पा त्यास एकदाहि ओलांडतां आला नाहीं. आशेच्या मोबदल्यांत देऊन टाकलेला हॉलिडे मात्र २०२१ सालीं मिलवॉकीसह व २०२४ सालीं बॉस्टनसह, असा दोनदां विजेता झाला.

पाळीचा आंकडा म्हणजे खेळाडूचें मोल नव्हे, हेंहि याच वर्षांनीं दाखविलें. २०१३ सालीं सर्वांआधीं निवडलेला अँथनी बेनेट अवघे चार हंगाम टिकला. त्याच वर्षीं पंधराव्या पाळीपर्यंत राहिलेला ग्रीसचा यानिस अँटेटोकुंपो दोनदां सर्वश्रेष्ठ ठरला. २०१४ सालीं सर्बियाचा निकोला योकिच ४१ व्या पाळीस निवडला गेला, आणि त्यानें तोच मान तीनदां मिळविला. इतकेंच काय, खुद्द फिलाडेल्फियाच्या त्या पराजित संघांत रॉबर्ट कव्हिंग्टन व टी. जे. मॅकॉनेल हे दोघे असे होते कीं त्यांस निवडींत कोणीहि घेतलें नव्हतें. कव्हिंग्टन २०१८ सालीं बचावांतील पहिल्या पांचांत गणला गेला, आणि मॅकॉनेल २०२५ सालीं इंडियाना संघाकडून अंतिम फेरींत खेळला. ज्या संघाचे पाठीराखे दूरच्या ताऱ्याकडे डोळे लावून बसले होते, त्याच्या अंगणांत हीं दोन रत्नें होतीं.

सोडतीवर विसंबण्यांत जोखीम किती, हें डेट्रॉइटवरून कळतें. हा संघ २०२३ व २०२४ अशीं लागोपाठ दोन वर्षें सर्वांत तळाशीं राहिला. २०२३-२४ मध्यें त्यानें केवळ १४ सामने जिंकले व सलग २८ गमावले. तरीहि दोन्ही सोडतींत त्याच्या वांट्यास पांचवी पाळी आली. पण २०२४-२५ मध्यें नवा प्रशिक्षक, कांहीं अनुभवी खेळाडू आणि २०२१ सालीं पहिल्या पाळीस निवडलेला केड कनिंगहॅम यांच्या बळावर त्यानें ४४ सामने जिंकले. येथें निवडीनें लाभलेला तरुण होताच. परंतु त्याच्या बाजूस जाणते गडी उभे राहिले तेव्हां संघ वर आला.

यावरून पाठीराख्यांची आशा खोटी म्हणतां येत नाहीं. दुबळ्यास उद्यांचा भरवंसा मिळावा हा निवडीच्या नियमाचा हेतु उदार आहे, आणि त्या भरवंशावर शहराचें शहर अनेक वर्षें पराजय सोसून संघाजवळ राहतें, ही निष्ठा लहान नव्हे. दोष शिरतो तो आशेच्या जागीं योजनाबद्ध पराजय बसविला म्हणजे. त्या १९९ पराजयांत जे तरुण रोज रात्रीं घाम गाळीत होते, त्यांच्यापैकीं बहुतेकांच्या वांट्यास पुढील वैभव आलें नाहीं. त्यांच्यापुरता तोच एक खेळ होता. आपल्याकडील शालेय सामन्यांत हरणाऱ्यास कोणतीहि निवड वा सोडत मिळत नाहीं. मिळतो तो फक्त पुढील वर्षींचा सराव. तरीहि संघ निवडतांना आपणहि पुष्कळदां गुणांच्या बेरजेकडे पाहतों, आणि चेंडू अडविणारा, सोबत्यास संधी करून देणारा गडी कडेला बसवितों. आपल्या संघांत असा कोणी आहे काय, हें पुढील सामन्यापूर्वीं प्रत्येक कर्णधारानें एकदां नीट पाहावें.