संमेलनाचा खर्च कोण उचलतो?

अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाला राज्य सरकार अनुदान देते. 2018 साली बडोद्याच्या संमेलनात ते 25 लाखांवरून 50 लाख करण्याची घोषणा झाली. 2023च्या वर्धा संमेलनासाठी ते दोन कोटींवर गेले. तरी मांडव, निवास, भोजन, मानधन यांचा उरलेला भार निमंत्रक संस्थेवरच. मग देणगीदार शोधायचे आणि स्वागताध्यक्षपदी शक्यतो वजनदार पुढारी बसवायचा!

सरकारी पैशाचा मिंधेपणाही बोचतो. 1999च्या मुंबई संमेलनात त्यावरून वादळ उठले. त्यानंतर संमेलन भरवणाऱ्या साहित्य महामंडळाच्या स्वतःच्या निधीची, म्हणजे महाकोशाची कल्पना पुढे आली.

1999 सालीच धारावीत विद्रोही साहित्य संमेलन भरले. सरकारी अनुदान नको, ही त्याची भूमिका. मूठभर धान्य आणि एक रुपया, अशी लोकवर्गणी ते मागते.