सर्टिफिकेट हाती आलं... पुढे काय?

२०२५ मध्ये नागपूरच्या जिल्हाधिकारी कार्यालयात एक नवी कर्मचारी रुजू झाली. नाव माला पापळकर. ती जन्मापासून पाहू शकत नाही. तान्ही असताना जळगावच्या रेल्वे स्टेशनवर कचराकुंडीत सापडली होती. आई कोण, बाप कोण, काही पत्ता नाही. अमरावती जिल्ह्यात परतवाड्याजवळ वझ्झर इथे शंकरबाबा पापळकर अनाथ आणि दिव्यांग मुलांना सांभाळतात. त्यांनी तिला आपलं घर दिलं, आपलं आडनावही दिलं. ती ब्रेल शिकली, अमरावतीत राहून पदवीधर झाली आणि २०२४ मध्ये एमपीएससीची लिपिक-टंकलेखक परीक्षा पास झाली. शंकरबाबांना त्याच वर्षी पद्मश्री मिळाली.

ही बातमी तुम्हीही वाचली असेल. डोळे भरून आले असतील, आणि मग आपण पान उलटलं असेल. मला मात्र राहून राहून एकच वाटत होतं. जिला कोणीच नव्हतं ती नोकरीपर्यंत पोचली. आणि ज्यांना आई आहे, बाप आहे, काका-मामा आहेत, अशा आपल्या घरांतल्या मुली कुठे आहेत?

माझी एक मावसबहीण उमरेडकडची. लहानपणी पोलिओ झाला, एक पाय अधू. हिशेबात एवढी हुशार की वाण्याची चूक उभ्या उभ्या काढायची! पण दहावीनंतर घरात ठरलं, ‘हिला शिवणकाम शिकवा.’ तिला कॉमर्सला जायचं होतं. कोणी विचारलंच नाही. आजीचं म्हणणं, "कायले शिकवता तिले? घरीच तर रायनार हाय." अपंगत्वाचं सर्टिफिकेटही काढलं नाही. का, तर कागदावर आलं की स्थळ येणार नाही, आणि धाकटीच्या लग्नालाही अडचण होईल. स्थळ तसंही आलं नाही. सर्टिफिकेट नाही म्हणून कॉलेजची सवलत गेली, भरतीतली राखीव जागा गेली, एसटीचं सवलतीचं तिकीटही गेलं. आज ती ब्लाऊज शिवते. शिवणकाम वाईट नाही हो, पण ते तिनं निवडलेलं नव्हतं.

हे फक्त आमच्या घरचं आहे, असं समजू नका. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्ती नोंदल्या गेल्या, त्यातल्या १ कोटी १८ लाख स्त्रिया. कामधंदा करणारे किती? पुरुषांमध्ये ४७ टक्के, बायकांमध्ये फक्त २३! म्हणजे पाय अधू असणं हे एक ओझं, आणि मुलगी असणं हे दुसरं.

म्हणून आज कोणाची कौतुककथा सांगायची नाही. काय काय उपलब्ध आहे आणि ते कसं मिळवायचं, तेवढंच सांगायचं आहे.

आधी कागद

सर्टिफिकेट लपवायची वस्तू नाही, ती किल्ली आहे. अर्ज ‘स्वावलंबन’ या सरकारी संकेतस्थळावर करायचा असतो. स्वतःला जमत नसेल तर सेतू केंद्रावर भरून मिळतो. मग सरकारी दवाखान्यात तपासणी. नागपुरात मेडिकल आणि मेयोमध्ये, इतरत्र जिल्हा रुग्णालयात. प्रमाणपत्रासोबत यूडीआयडी नावाचं ओळखपत्र मिळतं, ते देशभर चालतं. बहुतेक सवलतींसाठी अपंगत्व किमान ४० टक्के असावं लागतं.

इथे एक सांगते. अपंगत्व म्हणजे फक्त हात-पाय, डोळे आणि कान नाहीत. १९९५ च्या जुन्या कायद्यात सातच प्रकार होते. २०१६ च्या नव्या कायद्यात २१ आहेत. त्यात ऑटिझम आहे, शिकण्यातल्या विशिष्ट अडचणी आहेत, मानसिक आजार आहे, ॲसिड हल्ल्यातल्या पीडित आहेत, आणि आपल्या विदर्भात ज्याचे रुग्ण बरेच आढळतात तो सिकलसेलही आहे. कितीतरी आयांना हे ठाऊकच नसतं!

मग शिक्षण

सरकारी आणि अनुदानित कॉलेजांत किमान ५ टक्के जागा दिव्यांगांसाठी राखीव असतात, प्रवेशासाठी वयातही ५ वर्षांची सूट आहे. लिहिता येत नसेल तर परीक्षेत लेखनिक मिळतो आणि तासाला किमान २० मिनिटं जादा मिळतात. पण हे आपोआप होत नाही. फॉर्म भरताना मागावं लागतं, वेळेत मागावं लागतं.

दिसत नसलेल्या मुलीसाठी आता कॉम्प्युटर ‘बोलतो’. एनव्हीडीए नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, ते पडद्यावरचं वाचून दाखवतं, मराठीसुद्धा! साध्या अँड्रॉइड मोबाइलमध्ये ‘टॉकबॅक’ आधीपासूनच असतं, सेटिंगमध्ये जाऊन सुरू करायचं फक्त. घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या भाच्याला सांगा, अर्ध्या तासात शिकवेल.

कोणतं काम झेपेल?

हा प्रश्न नातेवाइकांनी ठरवायचा नसतो. त्यासाठी माणसं आहेत. दिव्यांगांची क्षमता तपासून त्यांना प्रशिक्षण आणि नोकरीची वाट दाखवणारं केंद्र सरकारचं केंद्र मुंबईत सायनला १९६८ पासून आहे. आता ते ‘नॅशनल करिअर सर्व्हिस सेंटर’ म्हणून ओळखलं जातं. मुंबई लांब पडते, हे खरं. नागपुरात केंद्र सरकारचं संयुक्त क्षेत्रीय केंद्र आहे, लोक त्याला सीआरसी म्हणतात. तिथे तपासणी, थेरपी, सल्ला आणि प्रशिक्षणाची माहिती मिळते. पहिली चौकशी तिथेच करावी.

आणि आपलं आनंदवन! वरोरा नागपूरहून साधारण १०० किलोमीटर. बाबा आमटे आणि साधनाताईंनी कुष्ठरुग्णांसाठी उभं केलेलं हे गाव पुढे अंध, मूकबधिर, अपंग मुलांचंही झालं. तिथल्या ‘संधीनिकेतन’मध्ये दिव्यांगांना हाताला काम शिकवतात. नावातच सगळं आलं, नाही का? दया नको, संधी द्या. हातमाग, छपाई, शिवण, सुतारकाम... तिथे बनलेल्या वस्तू लोक दिव्यांगांनी केल्या म्हणून कीव करून नाही, चांगल्या आहेत म्हणून घेतात.

नोकरी, नाहीतर धंदा

सरकारी नोकरीत दिव्यांगांसाठी ४ टक्के जागा राखीव आहेत. पूर्वी ३ टक्के होत्या. राज्याच्या भरतीत वयाची अट ४५ पर्यंत शिथिल आहे. म्हणजे ‘आता वय गेलं’ असं म्हणून घरी बसलेली तुमची पस्तिशीतली नणंदही अर्ज करू शकते. नोकरीत असताना अपघातानं अपंगत्व आलं तर सरकारी कर्मचाऱ्याला काढून टाकता येत नाही, हेही त्याच कायद्यात आहे.

धंदा करायचा तर राज्याचं दिव्यांग वित्त व विकास महामंडळ कर्ज देतं. आणखी एक गोष्ट गावातल्या मैत्रिणींनी लक्षात ठेवावी. ग्रामपंचायत, नगर परिषद, जिल्हा परिषद यांनी आपल्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. तुमच्या ग्रामपंचायतीने तो कशावर खर्च केला? ग्रामसभेत उठून विचारा. बचत गटाच्या दहा जणी मिळून विचारा, म्हणजे उत्तर लवकर येतं!

वाट सोपी नाही

सगळं कागदावर आहे म्हणून सगळं मिळतं, असं मुळीच नाही. उल्हासनगरच्या प्रांजल पाटीलचं उदाहरण घ्या. सहाव्या वर्षी दृष्टी गेली. यूपीएससीत ७७३ वा क्रमांक आला, रेल्वे लेखा सेवा मिळाली, आणि पूर्ण अंध म्हणून ती नाकारलीही गेली. तिने पुन्हा परीक्षा दिली, १२४ वा क्रमांक काढला, आणि २०१९ मध्ये तिरुवनंतपुरमला उपजिल्हाधिकारी म्हणून खुर्चीवर बसली. कायदा हाताशी होता, तरी झगडावं लागलं.

आपल्या मुलींना तर त्याहून साध्या गोष्टी अडवतात. कॉलेजचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. क्लासमध्ये कमोड नाही, म्हणून मुलगी सकाळपासून पाणीच पीत नाही. एसटीची पायरी उंच. आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे तिला एकटीला कसं पाठवायचं ही घरच्यांची भीती. ही भीती खोटी नाही, मी तिला हसणार नाही. पण त्यावर उपाय घरात बसवणं हा नाही. एक महिना सोबत जा, रस्ता, बस, माणसं ओळखीची करून द्या, मग हळूहळू हात सोडा. कुठे हक्क नाकारला, तर पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाकडे लेखी तक्रार करता येते. २०२२ मध्ये आपल्या राज्याने दिव्यांगांसाठी स्वतंत्र मंत्रालयीन विभागही केला आहे.

‘माझ्यानंतर हिचं कसं होईल?’ दिव्यांग मुलीची प्रत्येक आई रात्री हा प्रश्न घेऊन झोपते. भाऊ सांभाळेल, वहिनी चांगली मिळेल, या आशेवर आपण वर्षं काढतो. त्यापेक्षा तिच्या नावाचं बँकेत खातं असावं आणि त्यात तिच्याच कमाईचे, थोडे का होईना, पैसे पडावेत.

तेव्हा मैत्रिणींनो, या आठवड्यात एकच काम करा. घरात, शेजारात, नात्यात अशी जी मुलगी असेल तिच्याजवळ बसा आणि विचारा, ‘तुला काय करायला आवडेल?’ तिचं उत्तर पूर्ण ऐकून घ्या. आणि सर्टिफिकेट काढलेलं नसेल, तर सोमवारी तिला घेऊन निघा.