छोटी मोटार : जमा किती, नावे किती?

व्यापारी बांधवांकडून एक प्रश्न वरचेवर येतो : दुकान बरे चालले आहे, आता छोटी मोटार घ्यावी काय? सुतारकाम, शिलाई, बेकरी, तयार कपडे अशा धंद्यांतल्या माणसाच्या दृष्टीने आम्ही येथे मारुती आल्टो के-१० या गाडीचा हिशेब मांडत आहोत. वहीत जसे जमा आणि नावे असते, तसाच.

या गाडीचे घराणे जुने आहे. १४ डिसेंबर १९८३ रोजी दिल्लीत पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते पहिल्या मारुती ८०० ची किल्ली ग्राहकाला मिळाली. ७९६ सीसीच्या त्या गाडीने मध्यमवर्गाच्या दारात मोटार आणली. तिचे उत्पादन २०१४ च्या जानेवारीत थांबले. २००० साली आलेल्या आल्टोने तिची जागा घेतली होती. पुढे आल्टो ८०० ही २०२३ साली बंद झाली आणि आता ९९८ सीसीची के-१० तेवढी उरली आहे.

जमेची बाजू

पहिली गोष्ट आकार. लांबी सुमारे साडेतीन मीटर, रुंदी दीड मीटरच्या आत. मोहल्ल्यातल्या गल्लीत, बाजारपेठेच्या गर्दीत ती वळते आणि उभी राहते. दुसरी गोष्ट इंधन. कंपनीचा दाखला लिटरला २४ किलोमीटरच्या वर आहे. शहरात तेवढे ॲव्हरेज मिळत नाही. पण १८ धरून चालले तरी हिशेब वाईट नाही. तिसरी गोष्ट दुरुस्ती. तालुक्याच्या गावीही तिचे काम जाणणारा मिस्त्री आणि सुटे भाग मिळतात. विकायला काढली तर गिऱ्हाईक शोधत बसावे लागत नाही.

करातही सवलत झाली आहे. १२०० सीसीपर्यंतच्या आणि चार मीटरच्या आतील पेट्रोल व सीएनजी मोटारींवर पूर्वी २८ टक्के जीएसटी आणि वर एक टक्का उपकर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ टक्के झाला.

नावे टाकायची बाजू

गाडी हलकी आहे, टायर बारीक आहेत. चार माणसे, सामान आणि एसी चालू असेल तर कसाऱ्याच्या किंवा कुंभार्लीच्या घाटात खालच्या गिअरवर यावेच लागते. मागच्या आसनावर तिघांना दाटीवाटीने बसावे लागते. डिकी २१४ लिटरची, म्हणजे दोन बॅगांपुरती.

सुरक्षेचा मुद्दा याहून मोठा आहे. ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या २०२३ च्या चाचणीत या गाडीला मोठ्यांच्या सुरक्षेसाठी पाचपैकी दोन तारे मिळाले, मुलांच्या सुरक्षेसाठी शून्य. तेव्हा गाडीत दोन एअरबॅग होत्या. २०२५ पासून सर्व प्रकारांत सहा दिल्या जातात. ही सुधारणा स्वागतार्ह आहे, पण एअरबॅग वाढल्या म्हणून जुन्या चाचणीचे तारे आपोआप वाढत नाहीत. ज्यांना रोज महामार्गावर मुलाबाळांसह जायचे आहे, त्यांनी थोडे जास्त पैसे घालून अधिक मजबूत गाडी पाहावी, असे आम्हाला वाटते.

पेट्रोल की सीएनजी?

समजा सीएनजीच्या गाडीला ९० हजार रुपये जास्त पडतात. पेट्रोल १०० रुपये लिटर आणि सीएनजी ८० रुपये किलो धरू. ॲव्हरेज अनुक्रमे १८ आणि २६. महिन्याला हजार किलोमीटर चालणाऱ्याचे पेट्रोलला सुमारे ५,५५० रुपये जातील, गॅसला सुमारे ३,०५०. म्हणजे महिना अडीच हजार, वर्षाला तीस हजार वाचले आणि जादा रक्कम तीन वर्षांत वसूल झाली. पण महिन्याला ४०० किलोमीटरच चालणाऱ्याला साडेसात वर्षे लागतील. शिवाय टाकीने डिकी व्यापली जाते आणि इंजिनाची ताकद सुमारे ६७ पीएसवरून ५७ वर येते. आपल्या गावचे भाव घालून हाच हिशेब प्रत्येकाने करून पाहावा.

मालवाहतुकीचा गैरसमज

येथे अनेक बांधव फसतात. मागचे आसन पाडून कापडाचे गठ्ठे किंवा बेकरीचे ट्रे नेले की झाले, असे त्यांना वाटते. परंतु खाजगी मोटारीच्या विम्यात भाड्याने वापर आणि मालाची ने-आण वगळलेली असते. नमुने आणि स्वतःचे सामान तेवढे चालते. माल भरलेला असताना अपघात झाला तर नुकसानीचा दावा अडकू शकतो.

जीएसटीचेही तसेच. चालकासह १३ पर्यंत बैठक असलेल्या मोटारीवर भरलेल्या कराचा परतावा साधारण दुकानदाराला वजा करून मिळत नाही. मालवाहू टेम्पोवर तो मिळतो. प्राप्तिकरात धंद्यासाठी वापरलेल्या मोटारीवर वर्षाला १५ टक्के घसारा धरता येतो, पण घरच्या वापराचा हिस्सा सोडून. जे अंदाजित नफ्याच्या योजनेत विवरण भरतात, त्यांना घसारा वेगळा मागता येत नाही. म्हणून मुख्य काम माल नेण्याचे असेल तर टेम्पो घ्यावा. वसुली, गिऱ्हाइकांच्या भेटी आणि घरच्यांसाठी हवी असेल तर मोटार.

जुनी घेताना

व्याजाचे कर्ज नको म्हणून पुष्कळजण रोखीने जुनी गाडी घेतात. हा मार्ग चांगला आहे, पण कागद नीट पाहावेत. आरसीवर बँकेचा बोजा आहे काय, चलने थकली आहेत काय, चेसिस नंबर जुळतो काय, हे आधी तपासावे. खरेदीनंतर १४ दिवसांत विमा नावावर करण्यासाठी कंपनीकडे आणि ३० दिवसांत आरसीसाठी आरटीओकडे अर्ज करावा. विकणाऱ्यानेही गाफील राहू नये. आरसीवर ज्याचे नाव, तोच मालक आणि अपघाताची भरपाई त्याच्यावर, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली दिला आहे.

आमचे मत

गावात आणि आसपास फिरणाऱ्या, चार माणसांच्या कुटुंबाच्या दुकानदाराला ही गाडी परवडते आणि शोभते. मोठे कुटुंब, घाटाचा रोजचा रस्ता किंवा मालाचा धंदा असेल त्याने तिच्या मोहात पडू नये. आणि घेण्यापूर्वी एक करावे : इंधन, विमा, दुरुस्ती यांची महिन्याची रक्कम काढून तेवढे पैसे सहा महिने बाजूला टाकून पाहावेत. दुकानाच्या भांडवलाला हात न लावता ते निघाले, तर गाडी खुशाल घ्यावी.