भातसा : खडवलीची नदी, मुंबईचे पाणी

कुठे? मध्य रेल्वेच्या कल्याण-कसारा मार्गावर, टिटवाळा आणि वाशिंद यांच्यामध्ये खडवली. गावाला लागूनच भातसा वाहते.

किती पाणी? मुंबईला पाणी देणाऱ्या सात जलाशयांची एकूण क्षमता सुमारे 14.47 लाख दशलक्ष लिटर. त्यातले 7.17 लाख, म्हणजे जवळपास निम्मे, शहापूर तालुक्यातल्या भातसा धरणाचे.

पाणी जाते कसे? धरणातून सोडलेले पाणी नदीच्याच पात्रातून, खडवलीवरून, पिसे बंधाऱ्यापर्यंत जाते. तिथून ते उपसून पांजरापूरच्या केंद्रात शुद्ध करतात.

वाळू का राखायची? पात्रातली वाळू पाणी धरून ठेवते, गाळते आणि काठच्या विहिरींना झरे पुरवते. बेसुमार उपशाने विहिरी आटतात, काठ ढासळतात, पात्रात जीवघेणे खड्डे पडतात.

कायदा काय सांगतो? 27 फेब्रुवारी 2012 च्या आदेशाने सर्वोच्च न्यायालयाने वाळूसारख्या गौण खनिजांच्या पाच हेक्टरांहून लहान क्षेत्रांतील उत्खननालाही पर्यावरण मंजुरी बंधनकारक केली.

आपण काय करावे? सहलीचा कचरा परत न्यावा, नदीत गाड्या व कपडे धुऊ नयेत. पुढच्या पिढीचे पाणी आज आपल्या हाती आहे. ते जपूनच वापरू या.