डडली किल्ल्याची आभासी सफर : साधन म्हणून तिचें मोल

भग्न किल्ला संगणकाच्या पडद्यावर पूर्वरूपांत उभा करून प्रेक्षकास त्यांतून हिंडवून आणण्याच्या प्रकारास ‘व्हर्च्युअल टूर’ म्हणजे आभासी सफर म्हणतात. ऐतिहासिक स्थळाच्या परिचयासाठीं तयार झालेली अशी पहिली सफर इंग्लंडांतील डडली किल्ल्याची मानली जाते. जुन्या लेखांच्या संग्राहकांसही तिच्यापासून घेण्यासारखा बोध असल्यामुळें तिचा परामर्श येथें घेत आहों.

प्रथम किल्ल्याची हकीकत पाहूं. इ. स. १०८६ च्या ‘डूम्सडे बुक’ या जमीन-पाहणीच्या दप्तरांत त्याचा उल्लेख आहे. बाराव्या शतकांत दुसऱ्या हेन्री राजाविरुद्ध झालेल्या बंडानंतर तो पाडण्यांत आला. तेराव्या शतकांत सोमेरी घराण्यानें पुन्हां बांधण्यास घेतला. सोळाव्या शतकांत जॉन डडली यानें आंत नव्या धर्तीचे वाडे उठविले. १५५३ त त्याचा शिरच्छेद झाला. पुढें यादवी युद्धांत, १६४६ त, किल्ला पार्लमेंटच्या स्वाधीन झाला व बालेकिल्ल्याचा कांहीं भाग पाडण्यांत आला. वाडे १७५० च्या आगींत जळाले.

कॉलिन जॉन्सन यांनीं रचिलेल्या सफरींत १५५० चा किल्ला दाखविला होता. म्हणजे शेवटचे दोन्ही विध्वंस टळलेले. लेसर तबकडीवरील हीं चित्रें संगणकाच्या नियंत्रणानें पुढें सरकत. जून १९९४ मध्यें राणी दुसरी एलिझाबेथ हिच्या हस्तें तेथील प्रेक्षक-केंद्राचें उद्घाटन झालें, तेव्हां तिनेंही ही सफर पाहिली.

अशा दर्शनाचा लाभ उघड आहे. कोणत्या दारांतून कोणत्या दालनांत जात, जिना कोठें निघे, हें नुसत्या नकाशावरून सहसा ध्यानांत येत नाहीं. परंतु धोकाही तितकाच आहे. भिंतींतील तुळयांच्या खोबणींवरून मजल्याची उंची निश्चित करतां येते. छपराची घडण किंवा दालनांतील सामान पुष्कळदां अनुमानानेंच भरावें लागतें. पडद्यावर मात्र दोन्ही सारख्याच ठसठशीतपणें दिसतात. कसर लागलेल्या पोथींतील गळालेलीं अक्षरें संपादक कंसांत घालतो. तो कंस गाळला तर अनुमान हाच पाठ होऊन बसतो. २००६ त तयार झालेल्या ‘लंडन सनदे’चा आग्रह हाच आहे : कोणता भाग पुराव्यावर, कोणता तर्कावर आधारला, याची नोंद दर्शनासोबत असलीच पाहिजे.

दुसरा प्रश्न टिकाऊपणाचा. डूम्सडे बुकास नऊशें वर्षें पूर्ण झालीं म्हणून १९८६ त ब्रिटिश नभोवाणी मंडळानें नवी ‘डूम्सडे’ पाहणी लेसर तबकड्यांवर उतरविली. पंधरा-सोळा वर्षांतच त्या वाचणारीं यंत्रें दुर्मिळ झालीं व मजकूर सोडवून घेण्यास संशोधकांस खास खटपट करावी लागली. मूळ चर्मपत्रें मात्र आजही वाचतां येतात. डडलीची सफरही तबकडीवरच होती, हें विसरतां कामा नये.

सारांश, आपल्याकडील दुर्गांचीं अशीं दर्शनें जे सिद्ध करतील त्यांनीं मापें, छायाचित्रें व प्रत्येक अनुमानाचा आधार यांची टिपणें कागदावरही जतन करावींत. यंत्र बंद पडलें तरी टिपणांवरून दुर्ग पुन्हां उभा करतां येईल. टिपणें नसतील तर चांगल्या यंत्रावरील चित्रही पुरावा म्हणून उभें राहणार नाहीं, असें आम्हांस वाटतें.